प्रश्न तुमचे : संगणकशास्त्रात संशोधक-प्राध्यापक व्हायचं असेल तर

हिंजवडी किंवा खराडीतली नोकरी समोर असताना पीएच.डी. आणि प्राध्यापकीचा रस्ता धरावा का, धरला तर सुरुवात कुठून करावी, मधे अडकलो तर काय करावं, अशी बरीच पत्रं या महिन्यात आली. त्यांतले निवडक प्रश्न घेतले आहेत. उत्तरं पुण्यात संगणकशास्त्र शिकवणाऱ्या आणि पीएच.डी.ला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी मिळून लिहिली आहेत. नियमांचे आकडे अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची अधिसूचना एकदा जरूर वाचावी.

प्रश्न : माझा नातू संगणकशास्त्रात संशोधन करायचं म्हणतो. दिवसभर प्रोग्रॅमच लिहायचे असतील तर कंपनी काय वाईट? हे संशोधक नेमकं करतात तरी काय?
(निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ)

बाई, प्रोग्रॅम लिहिणं हा या कामाचा एक भाग आहे, आणि काही शाखांत तर तो अगदी छोटा असतो. एक उदाहरण देतो. कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला किती माल पाठवला म्हणजे एकूण खर्च सर्वांत कमी येईल, अशा प्रश्नांना रेषीय नियोजनाचे प्रश्न म्हणतात. ते सोडवण्याची डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ पासून वापरात होती. व्यवहारात ती वेगानं चालते, पण मुद्दाम रचलेल्या काही उदाहरणांत तिच्या पायऱ्या भूमितीश्रेणीनं वाढत जातात, हे १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी दाखवलं. १९७९ मध्ये खाचियान यांनी अशी वाढ न होणारी पद्धत सिद्ध केली, मात्र प्रत्यक्षात ती फार संथ निघाली. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकरांनी दिलेली पद्धत सिद्धांतातही टिकली आणि व्यवहारातही उपयोगी पडली. यात सगळा कस लागला तो ‘पायऱ्या इतक्याच लागतील, याहून जास्त कधीच नाही’ हे सिद्ध करण्यात. प्रोग्रॅम त्यानंतर येतो.

सगळं संशोधन असं सिद्धतेचं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा डेटाबेसवाले काहीतरी बांधतात आणि मोजतात. मशीन लर्निंगवाले प्रयोग करतात. सगळ्यांत सारखं काय, तर ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही असा प्रश्न निवडायचा आणि आपलं उत्तर बरोबर आहे हे अनोळखी तज्ज्ञांना पटवून द्यायचं. शिवाय शिकवणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासणं आणि इतरांच्या पेपरांचं परीक्षण. परीक्षणाचे पैसे सहसा मिळत नाहीत, पण या क्षेत्राचा डोलारा त्यावरच उभा आहे. नातवाला विचारा, गेल्या महिन्यात अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा प्रश्न त्याला किती दिवस छळत होता? उत्तर ऐकून तुम्हाला बरंच कळेल.

प्रश्न : मी बी.ई. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसमध्ये नोकरी लागली आहे, पण पीएच.डी. करायची इच्छा आहे. गेट द्यावी की नेट? आधी एम.टेक. करावं की थेट जावं?
(कर्वेनगर)

तुला जिथं जायचं आहे त्यावर परीक्षा ठरते. आयआयटी, आयआयएससी, एनआयटी यांसाठी गेट. विद्यापीठांच्या विभागांतल्या पीएच.डी.साठी आणि यूजीसीच्या फेलोशिपसाठी नेट. टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि चेन्नई मॅथमॅटिकल इन्स्टिट्यूट यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात. सैद्धांतिक संगणकशास्त्राची ओढ असेल तर त्या चुकवू नकोस.

गेटचा पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांतले १५ गुण सामान्य क्षमतेचे. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना चुकल्यास गुण कापतात (एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश). अनेक पर्याय बरोबर असलेल्या आणि संख्या टाइप करायच्या प्रश्नांना कापत नाहीत, तेव्हा ते कोरे सोडणं म्हणजे हातचं घालवणं. अर्ज पावसाळ्याच्या अखेरीस, परीक्षा फेब्रुवारीत, आणि गुण तीन वर्षं ग्राह्य. नेटमध्ये पहिला पेपर १०० गुणांचा, दुसरा २०० गुणांचा आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन वर्ग लागतात : कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) धरून सर्व, साहाय्यक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश, फक्त पीएच.डी. प्रवेश. शेवटच्या दोन वर्गांत प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. बरेच जण हे एक वर्ष विसरतात आणि पुन्हा परीक्षेला बसतात.

थेट पीएच.डी.चा मार्ग खुला आहे : यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असतील तर चालतं (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सवलत). तरीही आमचा सल्ला असा, की बी.ई.त खऱ्या अर्थानं संशोधनाचा अनुभव मिळाला नसेल तर प्रबंध असलेलं दोन वर्षांचं एम.टेक. आधी कर. गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. दोन वर्षांत तुला कळेल, की सहा महिने उत्तर न सापडणारा प्रश्न तुला झेपतो का. नाही झेपला तर एम.टेक. वाया जात नाही; अर्धवट सोडलेली पीएच.डी. मात्र मनाला फार लागते.

लागलेली नोकरी लगेच नाकारू नकोस. वर्षभर काम करून, गुण हातात ठेवून पुढचा अर्ज केला तरी चालतं. पहिल्या पगारावर मोठं कर्ज मात्र घेऊ नकोस, कारण फेलोशिपमध्ये हप्ता बसत नाही.

प्रश्न : मुलगी पीएच.डी. करणार म्हणते. एवढी वर्षं तिचा खर्च कसा भागणार?
(पालक, चिंचवड)

पूर्णवेळ आणि फेलोशिपसह प्रवेश मिळाला तर भागतो. जेआरएफचा दर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे, प्रगतीचा आढावा समाधानकारक ठरला तर, ४२,००० रुपये असा आहे. वसतिगृह नसेल तर घरभाडं भत्ता वेगळा. पुणे सर्वांत वरच्या ‘एक्स’ श्रेणीच्या शहरांत असल्यानं तो दरही वरचाच. जेआरएफसाठी वयाची मर्यादा ३० आहे, महिलांना त्यात पाच वर्षांची सूट आहे.

अडचण रकमेत नसून वेळेवर मिळण्यात आहे. यूजीसीची फेलोशिप दर महिन्याला विद्यापीठाच्या कार्यालयातून पोर्टलवर दोन टप्प्यांत, आधी ‘मेकर’नं (नोंद करणाऱ्यानं) आणि मग ‘चेकर’नं (तपासणाऱ्यानं), निश्चित करावी लागते. एकाकडून राहून गेलं की त्या महिन्याचे पैसे अडकतात. मुलीला सांगा, महिन्याची तारीख ठरवून विभागातल्या कारकुनांकडे स्वतः जाऊन खात्री करायची, आणि तीन-चार महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवायचा. फेलोशिपविना, पदरचे पैसे घालून पूर्णवेळ पीएच.डी. करू नये, हे मात्र आम्ही ठामपणे सांगतो.

प्रश्न : गाइड कसा निवडायचा? प्रवेशाच्या वेळी यादीतून तीन नावं लिहून द्या म्हणतात.
(एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, औंध)

या पानावरच्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि विद्यार्थी यालाच सर्वांत कमी वेळ देतात. संस्थेचं नाव दहा वर्षांनी फिकं पडतं; गाइडनं लावलेली कामाची सवय राहते.

सुरुवात डीबीएलपी या मोफत सूचीपासून करा. तिथं संगणकशास्त्रातल्या संशोधकांचे पेपर वर्षवार लावलेले असतात. गेल्या पाच वर्षांचे पेपर पाहा. एकूण आकडा मोजत बसू नका. विद्यार्थी पहिले लेखक आहेत का, तीच माणसं दोन-तीन वर्षं एका विषयावर टिकून आहेत का, की दर पेपराला नवा विषय आणि नवी नावं, हे बघा. एकदा ब्लॉकचेन, एकदा पिकांवरचे रोग, एकदा भावना-विश्लेषण असं दिसलं तर तिथं खोल काम होत नाही.

मग शोधगंगेवर जा. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं ठेवलेले असतात. त्या गाइडच्या हाताखालचे दोन प्रबंध उघडा आणि प्रयोगांचं प्रकरण वाचा. नोंदणी आणि सादरीकरणाच्या तारखा ताडून पाहिल्या, की किती वर्षं लागली हेही कळतं.

नंतर सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा, विभागात नव्हे, बाहेर चहाला. विचारायचं हे : सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात? पेपराचा कच्चा मसुदा परत यायला किती दिवस लागतात? लेखकांची नावं कशी लागतात? परिषदेला जायचे पैसे कुठून येतात? आजारपणात, लग्नाकार्यात सुट्टी मिळते का? विद्यार्थी मोघम बोलून विषय बदलू लागले, तर उत्तर मिळालं असं समजा.

नियमांचे दोन मुद्दे तपासाच. एका वेळी प्राध्यापकांना ८, सहयोगी प्राध्यापकांना ६ आणि साहाय्यक प्राध्यापकांना ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. जागा शिल्लक आहे का ते विचारा. आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. चार वर्षं उरलेल्या गाइडकडे प्रवेश नियमात बसतो, पण प्रबंध मात्र ते निवृत्त झाल्यावर संपण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा सहमार्गदर्शक पहिल्याच वर्षी लेखी ठरवून घ्या.

आधी ई-मेल पाठवणार असाल तर दीडशे ते दोनशे शब्दांत संपवा. त्यांचा एक पेपर पूर्ण वाचा आणि त्यातल्या एखाद्या गृहीतकावर किंवा प्रयोगावर एकच नेमका प्रश्न विचारा. दोन पानी बायोडेटा आणि स्वतः लिहिलेल्या कोडचा दुवा जोडा. पन्नास जणांना एकच मजकूर पाठवला, की पहिल्याच ओळीत ते ओळखू येतं. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, पुन्हा नको.

प्रश्न : मी खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात साहाय्यक प्राध्यापिका आहे. अर्धवेळ पीएच.डी. करते आहे. आठवड्याला सोळा-अठरा तासांचं लोड, शिवाय नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) फाइली. पेपर लवकर हवेत म्हणून पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलमध्ये द्यावा का? सहकारी म्हणतात, सगळेच देतात.
(वाघोली)

ताई, देऊ नका. कारण साधं आहे : एकदा छापलेला पेपर दुसरीकडे पाठवता येत नाही. तुमचं दोन वर्षांचं काम आठ हजार रुपये भरून अशा ठिकाणी गेलं, की चांगल्या ठिकाणी जाण्याची त्याची वाट कायमची बंद होते. पुढे बाहेरचे परीक्षक प्रबंध तपासताना नेमकं तेच नाव पाहतात.

आणखी एक गोष्ट अनेकांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट राहिलेली नाही. काही विद्यापीठांनी स्वतःच्या नियमांत ती ठेवली आहे, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काढून वाचा; ऐकीव माहितीवर पैसे भरू नका. दर्जेदार जर्नलांची ‘केअर’ यादी आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच तयार होत असे. ती यादी यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आजही ‘केअर लिस्टेड’ असा शिक्का मिरवून पैसे मागणारं जर्नल दिसलं तर तिथंच थांबा.

बाकी खुणा अशा. तीन ते सात दिवसांत छापून देण्याची हमी. लेखकांच्या संख्येवर फी आणि ती यूपीआयवर. एकाच अंकात संगणक, आयुर्वेद आणि वाणिज्य. न ऐकलेल्या संस्थेनं दिलेला ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. आयएसएसएन क्रमांक हा दर्जाचा पुरावा नाही. तो फक्त नियतकालिकाची ओळख सांगतो. स्कोपस या जर्नलांच्या सूचीत आहे असं म्हणत असतील तर स्कोपसच्या स्वतःच्या स्रोतसूचीत जाऊन ‘कव्हरेज’ कोणत्या वर्षापर्यंत आहे ते बघा. काढून टाकलेली जर्नलं जुना शिक्का वर्षानुवर्षं वापरतात. खऱ्या जर्नलच्या नावाची हुबेहूब नक्कल केलेली संकेतस्थळंही असतात, म्हणून पत्ता ई-मेलमधून न उघडता प्रकाशकाच्या मुख्य पानावरून जा. खुल्या वाचनाची चांगली जर्नलंही फी घेतात, पण पेपर स्वीकारल्यानंतर. परीक्षण आधी होतं आणि त्याला महिने लागतात.

आता वेळेचं. रोज रात्री तासभर या पद्धतीनं पीएच.डी. होत नाही, कारण काल कुठं होतो हे आठवण्यातच अर्धा तास जातो. टाइमटेबल बनतानाच विभागप्रमुखांकडून दोन दुपारी मोकळ्या मागून घ्या, आणि त्या वेळी महाविद्यालयात बसू नका. जयकर ग्रंथालयात किंवा गाइडच्या विभागात बसा. अर्धवेळ प्रवेशासाठी दिलेल्या एनओसीत, कामातून संशोधनाला वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, असं नियमानुसार नमूद असतं. त्या कागदाची प्रत जवळ ठेवा आणि विनंतीअर्जाला जोडा.

बी.ई.च्या प्रोजेक्टचे गट तुमच्याकडे असतीलच. त्यांतला एक गट तुमच्या विषयातली जुनी, छापून आलेली पद्धत पुन्हा चालवून पाहण्याच्या कामाला लावा. मुलांना खरं काम शिकायला मिळतं आणि तुम्हाला तुलनेसाठी भरवशाचे आकडे मिळतात. पेपरात त्यांचं काम आलं तर त्यांची नावं लेखकांत घाला. ज्यांनी काहीच केलं नाही अशा वरिष्ठांचं नाव घालायचा आग्रह झाला, तर ‘जर्नल प्रत्येक लेखकाचं योगदान लेखी मागतं’ हे उत्तर द्या. बऱ्याच ठिकाणी तसं खरंच मागतात.

मुदत लक्षात असू द्या : प्रवेशापासून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणीनं दोन वर्षं वाढतात, महिलांना आणखी दोन. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांची रजा वेगळी आहे. ती मागायला संकोच करू नका.

प्रश्न : आमचा पेपर एका चांगल्या परिषदेनं नाकारला. मराठी मजकुराचं वर्गीकरण हा विषय, अचूकता ९६ टक्के. परीक्षक लिहितात ‘प्रयोग पटत नाहीत’. याहून जास्त अचूकता कुठून आणायची?
(पीएच.डी. दुसरं वर्ष, गणेशखिंड)

परीक्षकांनी जास्त अचूकता मागितलेली नाही. ९६ या आकड्यावर विश्वास का ठेवावा, असं ते विचारत आहेत. बहुतेक वेळा गडबड पुढच्या चार-पाच जागांपैकी एकीत असते.

पहिली जागा, विभागणी. मराठी बातम्यांतली वाक्यं घेतली आणि ती सरमिसळ करून ८०-२० वाटली, तर एकाच बातमीतली वाक्यं शिकवणीच्या भागातही जातात आणि चाचणीच्या भागातही. मॉडेल विषय शिकत नाही, ती बातमीच ओळखतं. वाटणी बातमीनुसार करा, जमल्यास तारखेनुसार : जुन्या बातम्यांवर शिकवा, नव्यांवर तपासा. वृत्तसंस्थेची तीच बातमी दोन दैनिकांत आलेली असते, तेव्हा जवळपास सारखे मजकूर आधी काढून टाका. हे केल्यावर आकडा खाली येईल. तो खरा आकडा.

दुसरी जागा, असमतोल. कमी नमुन्यांच्या वर्गात भर घालायला स्मोट (असलेल्या नमुन्यांवरून नवे कृत्रिम नमुने बनवण्याची पद्धत) किंवा नुसती नक्कल वापरली असेल आणि ती विभागणीच्या आधी केली असेल, तर चाचणीतले नमुने शिकवणीत झिरपले. आधी वाटणी, मग भर, आणि भर फक्त शिकवणीच्या भागात. तसंच, १०० पैकी ९० नमुने एकाच वर्गाचे असतील तर डोळे मिटून तोच वर्ग सांगणाऱ्यालाही ९० टक्के अचूकता मिळते. म्हणून प्रत्येक वर्गाचा एफ-१ (चुकीची ओळख आणि सुटलेले नमुने दोन्ही धरणारा गुण) आणि त्यांची सरासरी द्या.

तिसरी, तुलना. स्वतःच्या मॉडेलची वीस सेटिंगं चाळून पाहायची आणि जुन्या पद्धती मूळ सेटिंगवर एकदाच चालवायच्या, हे परीक्षक लगेच पकडतात. दोन्हींना सारखीच मेहनत द्या. मराठीसाठी पुण्यातच तयार झालेलं महाबर्ट हे भाषा-मॉडेल उपलब्ध आहे. त्याच्याशी तुलना नसेल तर तो आक्षेप येणारच. आणि शब्दमोजणीवर आधारित एखादी साधी पद्धतही टेबलात ठेवा. कधी कधी तीच दोन टक्क्यांच्या अंतरावर असते, आणि हे वाचकाला कळायला हवं.

चौथी, योगायोग. एकच सीड (यादृच्छिक निवडी जिथून सुरू होतात तो आकडा) घेऊन आलेला आकडा छापू नका. निदान पाच वेगळ्या सीडवर चालवा, सरासरी आणि प्रमाण विचलन द्या. तुमची आघाडी ०.४ आणि विचलन ०.७ असेल तर आघाडी नाहीच. सेटिंग निवडण्यासाठी वेगळा भाग ठेवा. चाचणीचा भाग शेवटी एकदाच उघडा.

पाचवी, कशानं फरक पडला? तुम्ही तीन बदल केले असतील तर एकेक काढून तीन ओळी द्या. एका बदलानंच सगळा फरक पडतो असं अनेकदा दिसतं, आणि मग पेपर सोपा आणि चांगला होतो. प्रत्येक निकालाशेजारी गिटचा (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीचा) कमिट क्रमांक लिहून ठेवायची सवय लावा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा काढता येत नाही.

उत्तर द्यायची संधी असेल तर आधी परीक्षकाची वस्तुस्थितीची चूक, तीही पेपरातला परिच्छेद दाखवून. मग नव्या प्रयोगाचा निकाल. मग जे मान्य आहे ते स्पष्ट मान्य. विनवणी नको. पुन्हा पाठवताना मजकूर न बदलता दुसऱ्या परिषदेला टाकू नका. क्षेत्र लहान असतं, तोच परीक्षक पुन्हा भेटतो. एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं तर निषिद्धच. आणि परीक्षण दुहेरी अनामिक (लेखक आणि परीक्षक दोघांची नावं एकमेकांपासून लपवलेली) असेल तर गिटहबचा दुवा, आभाराचा परिच्छेद आणि ‘आमच्या मागील कामात’ असे शब्द तपासा. यांतल्या एकामुळेही पेपर न वाचता परत येऊ शकतो.

प्रश्न : गाइड म्हणतात परिषदेत पाठव, महाविद्यालयाची अप्रायझल समिती म्हणते जर्नलच मोजू. कोणाचं ऐकायचं?
(अध्यापक, आकुर्डी)

संगणकशास्त्रात प्रतिष्ठेच्या परिषदांत पूर्ण पेपराचं कडक परीक्षण होतं आणि थोडेच पेपर घेतले जातात. इतर विज्ञानांत तसं नाही, म्हणून रसायनशास्त्राचे सदस्य समितीवर असले की गैरसमज होतो. करमरकरांचं काम १९८४ मध्ये आधी ‘स्टॉक’ या परिषदेत आणि त्याच वर्षी जर्नलमध्ये आलं. हा क्रम धरा : परिषदेत आधी, मग सिद्धता आणि प्रयोग पूर्ण करून वाढवलेली आवृत्ती जर्नलला. नवीन मजकूर किती हवा हे जर्नलच्या सूचनांत असतं, आणि आधीच्या पेपराचा उल्लेख पत्रात करावाच लागतो.

जर्नलला वेळ लागतो. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिलेली संख्या ही मूळ संख्या आहे की नाही हे ठरवण्याची पद्धत ऑगस्ट २००२ मध्ये संकेतस्थळावर ठेवली, जगभर तिची चर्चा झाली, आणि छापील पेपर २००४ मध्ये आला. गोडेल पुरस्कार २००६ मध्ये. समितीला देताना परिषदेच्या नावासोबत तिची ‘कोअर’ या परिषदांच्या दर्जासूचीतली श्रेणी आणि त्या वर्षीचं स्वीकृतीचं प्रमाण एका ओळीत जोडा; बहुतेक वेळा तेवढ्यानं प्रश्न सुटतो.

प्रश्न : कायम प्राध्यापक व्हायला नेट-सेट लागते की पीएच.डी.? काहीजण म्हणतात एम.ई. पुरे.
(एम.एस्सी., शिवाजीनगर)

दोन वेगळे नियम एकत्र केल्यानं हा घोळ होतो. कला-विज्ञान महाविद्यालयात आणि विद्यापीठ विभागात यूजीसीचा नियम : पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट, नाहीतर नियमानुसार मिळवलेली पीएच.डी. अभियांत्रिकीत एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचा नियम : बी.ई. आणि एम.ई., त्यांपैकी एकात प्रथम वर्ग. तिथं नेट लागत नाही. तुम्ही एम.एस्सी. असाल तर पहिला नियम तुमचा. सेट पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यात चालते, आणि तिच्यातून फेलोशिप मिळत नाही.

सातव्या वेतन आयोगात साहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून, सहयोगीचं १,३१,४००, प्राध्यापकाचं १,४४,२०० पासून. पीएच.डी. असेल तर पहिली बढती चार वर्षांत मिळू शकते, नाहीतर सहा (एम.टेक. असल्यास पाच). आयआयटीत साहाय्यक प्राध्यापकाचं मूळ वेतन १,०१,५०० असतं, पण पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो, म्हणून पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं तात्पुरतं संशोधनपद).

तासिका तत्त्वावर काम घेणार असाल तर डोळे उघडे ठेवून घ्या. शिकवायचा हात बसण्यासाठी एक वर्ष ठीक. पण ती सेवा बढतीसाठी सहसा धरली जात नाही, सुट्टीत पैसे थांबतात, आणि दोन-तीन महाविद्यालयांत पळापळ करताना संशोधन थांबतं. इतकी शिकलेली माणसं या शहरात अशी वर्षानुवर्षं ताटकळतात याचं आम्हाला फार वाईट वाटतं. तेवढे तास शिकवायचे असतील तर शेजारी नेटचा अभ्यास किंवा पीएच.डी.ची नोंदणी असलीच पाहिजे.

प्रश्न : प्रबंधात किती टक्के साम्य चालतं?
(हडपसर)

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त करून पुन्हा सादर, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करायला बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भसूची, योग्य अवतरणं आणि सर्वमान्य व्याख्या मोजणीतून वगळतात. स्वतःचेच पेपर प्रबंधात घेतले असतील तर ते कोणत्या प्रकरणात आले आहेत याची यादी आणि गाइडचं पत्र अहवालासोबत जोडा. शब्द फिरवून टक्का खाली आणणारी सॉफ्टवेअरं वापरू नका. ‘न्यूरल नेटवर्क’चं ‘मज्जातंतूचं जाळं’ झालेलं परीक्षकांना दिसतं.

प्रश्न : प्रयोगांसाठी जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी वेगवान चिप) असलेला महागडा लॅपटॉप घ्यावा का?
(पिंपळे सौदागर)

नको. लॅपटॉप गरम झाला की स्वतःचा वेग कमी करतो आणि तासन्‌तास चालणारं प्रशिक्षण रखडतं. १६ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप घ्या, त्यावर डेटाच्या एक टक्का भागावर कोड चालतो का ते तपासा, आणि मोठं काम सर्व्हरवर टाका. सुरुवातीला गूगलची कोलॅब ही ऑनलाइन सोय पुरते. सत्र मधेच तुटतं, म्हणून दर काही मिनिटांनी चेकपॉइंट (तोवर झालेल्या प्रशिक्षणाची प्रत) ड्राइव्हवर साठवायची सोय कोडमध्ये आधी करा. पुढे गाइडमार्फत विभागाचा सर्व्हर किंवा राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. त्यांतलं परम ब्रह्म पाषाणजवळ आयसरमध्ये आहे. अर्जात किती जीपीयू-तास लागतील ते विचारतात. तेव्हा एक छोटा प्रयोग चालवून त्याला लागलेला वेळ मोजा, त्याला प्रयोगांच्या आणि सीडच्या संख्येनं गुणा, आणि फसलेल्या प्रयोगांसाठी वर निम्मा धरून आकडा लिहा.